मदत हवी आहे: पिंग जी425 की टेलरमेड स्टेल्थ? उद्यापर्यंत ठरवायचं आहे

करमलघाट, सकाळी 9:40
मंडळी, जरा घाईत आहे. गोल्फच्या आयर्नचे (लोखंडी डोक्याच्या क्लबचे) दोन सेट समोर आहेत, दोन्ही वापरलेले, दोन्ही धडधाकट. पिंग जी425 पर्वरीला एका गृहस्थांकडे आहे, टेलरमेड स्टेल्थ पुण्यात एका दुकानात. दोन्ही मारून बघितले. स्टेल्थचा सेव्हन आयर्न (सात नंबरचा क्लब) सरळ 10 यार्ड पुढे जातो, पण सेट आठ हजारांनी महाग आहे. 10 यार्डांसाठी आठ हजार मोजावेत का, एवढंच सांगा. दोघांनाही उद्या संध्याकाळी कळवायचं आहे. "आधी कोच लावा" असं कृपया कोणी सांगू नका, कोच आहे.

मापात_पाप, सकाळी 10:05
लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा; जितका कमी, तितका चेंडू लांब) बघितलेत का? स्टेल्थच्या सेव्हनचा लॉफ्ट 28 अंश, जी425 च्या सेव्हनचा 30. साधारण चार अंशांनी एक क्लब बदलतो आणि क्लबागणिक 10-12 यार्डांचा फरक पडतो. म्हणजे त्या 10 यार्डांतले पाच-सहा नुसत्या लॉफ्टचे झाले. उरलेले कुठून आले ते शोधावं लागेल. हँडिकॅप (जितका जास्त, तितका खेळ कच्चा) किती? शाफ्ट, म्हणजे दांडे, कुठले? आणि मारून कुठे बघितलेत?

जुना_खलाशी, सकाळी 10:20
हा सगळा आकड्यांचा खेळ आहे. मी अजून पिंग आय2 खेळतो, 1982 साली आलेलं मॉडेल. तेव्हा सेव्हन आयर्न 35-36 अंशांच्या घरात असायचा. आता सिक्सच्या, कधी फाइव्हच्या लॉफ्टवर 7 हा आकडा छापतात आणि गिऱ्हाईक खूश, की बघा माझा सेव्हन किती लांब गेला! करमलघाटबाब, दोन्ही नको. पैसे बँकेत ठेवा.

करमलघाट, सकाळी 10:32
खलाशीकाका, पैसे बँकेत ठेवायचे असते तर इथे कशाला विचारलं असतं? हँडिकॅप 22. शाफ्ट पिंगला ग्रॅफाइट, स्टेल्थला स्टील. पिंग पर्वरीजवळ एका मैदानावर मारला, अंतर लेझरने मोजलं. स्टेल्थ पुण्यात दुकानातल्या मशीनवर.

मापात_पाप, सकाळी 10:41
अहो, मग तुलना कसली झाली ही? एक गवतावर, एक मॅटवर. एकात ग्रॅफाइट, एकात स्टील. मैदानावर चेंडू कुठले होते? जुने, टवके उडालेले असतील तर तेवढ्यानेच काही यार्ड गेले. आणि मॅटवर क्लब चेंडूच्या दोन बोटं मागे पडला तरी घसरून पुढे येतो आणि आकडा छान दिसतो. तोच फटका गवतावर मारलात तर ढेकूळ उडेल आणि चेंडू पायाशी.

पुणेरी_बंकर, सकाळी 11:10
पुण्यात सगळी दुकानं मशीन लावून बसली आहेत, आकडा दाखवला की माल खपतो. माझं मत स्पष्ट आहे: गेम इम्प्रूव्हमेंटच्या, म्हणजे चुका पोटात घालणाऱ्या क्लबच्या, फंदात पडू नका. फोर्ज्ड (घडीव) घ्या, पातळ सोलचा (तळाचा). फटका चुकला की हाताला झिणझिण्या आल्या पाहिजेत, त्याशिवाय स्विंग सुधारत नाही. मी येरवड्याच्या कोर्सवर वर्षानुवर्षं ब्लेडच, म्हणजे असलेच पातळ क्लब, खेळतोय.

मापात_पाप, सकाळी 11:24
बंकरसाहेब, 22 हँडिकॅपवाल्याला ब्लेड देऊन झिणझिण्या सोडून काय मिळणार? वजन कडेला नेलं की चेंडू टोकाला लागला तरी हेड कमी वळतं, हे कार्स्टन सोलहाइमनी पिंग काढली तेव्हापासून माहीत असलेलं गणित आहे. जी425 मध्ये तर टोकाला आणि होझलला (दांडा बसतो त्या मानेला) टंगस्टन घालून तेच आणखी पुढे नेलंय.

पुणेरी_बंकर, सकाळी 11:31
गणित कागदावर. पोट बाहेर आलेल्या हेडकडे बघून फटका मारावासा वाटतो का कोणाला?

करमलघाट, सकाळी 11:35
मला वाटतो. पुढे?

शुक्रवारचा_बाजार, दुपारी 12:15
कशाला पर्वरी नि पुणे करताय? माझ्याकडे जी410 चा सेट धूळ खात पडलाय, फोर आयर्न ते पिचिंग वेज (जवळच्या फटक्याचा क्लब). रेग्युलर स्टील. म्हापशाला या, चहा घ्या, मारून बघा, पटलं तर न्या. भाव घरचा लावू.

करमलघाट, दुपारी 12:22
मनापासून आभार, पण मी डावखुरा आहे.

मापात_पाप, दुपारी 12:25
हे आत्ता सांगताय?

करमलघाट, दुपारी 12:27
त्यात काय सांगायचं? दोन्ही सेट डावऱ्यांचेच आहेत, म्हणून तर दोनच पर्याय आहेत. उजव्या हाताचे मिळाले असते तर दहा बघून आलो असतो.

आगोंदकार, दुपारी 12:50
डावखुऱ्यांची गंमत अशी की 1963 साली बॉब चार्ल्स ओपन जिंकले ते पहिले डावखुरे, आणि त्यानंतर मेजर (चार मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकणारा दुसरा डावखुरा थेट 2003 मध्ये, मास्टर्सला माइक विअर. फिल मिकेलसन तर रोजच्या व्यवहारात उजव्या हाताचा, गोल्फ तेवढा डाव्याने. करमलघाट, तुम्ही जेवता कुठल्या हाताने?

करमलघाट, दुपारी 12:58
उजव्या. आईने लहानपणी फटके देऊन बदललं. आयर्नबद्दल बोलूया का?

कुळागर, दुपारी 1:30
गोव्यात गोल्फ हा शब्द ऐकला की मला तेरेखोल आठवतं. गावकऱ्यांनी काजूच्या बागा आणि कुळांचे हक्क यांसाठी गोल्फ रिसॉर्टविरुद्ध केवढी झुंज दिली, ते पेडण्यात अजून लोक सांगतात. उन्हाळ्यात इथे गावागावांत टँकर येतात आणि तिकडे गवताला पाणी मारायचं. हँडिकॅपपेक्षा त्याचा विचार करा.

पुणेरी_बंकर, दुपारी 1:41
कुळागर, मुद्दा गंभीर आहे, पण वेगळा धागा काढा. हा माणूस जुने क्लब घेतोय, डोंगर नाही.

कुळागर, दुपारी 1:44
धागा काढला की प्रतिसाद किती येतात ते माहीत आहे. असो.

आगोंदकार, दुपारी 2:10
बरं, कामाचं बोलतो. तुम्ही खेळता कुठे? काणकोणात राजबागच्या रिसॉर्टचा नऊ होलांचा कोर्स असेल तर माझा अनुभव असा: समुद्र जवळ, वारा आडवा, जमिनीत वाळू. पाऊस संपला की खाली मऊ असते, मार्च-एप्रिलपासून कडक. रुंद सोल मऊ जमिनीत रुतत नाही, तिथे दोन्ही सेट चालतील. ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) कडक झालं की मात्र 28 अंशांचा चेंडू खाली उतरतो आणि पळतो मागच्या बाजूला. तुमचा सेव्हन आयर्न 10 यार्ड लांब गेला, पण ग्रीनवर थांबला का? मशीनवर चेंडू किती उंच गेला, किती तिरपा उतरला, तेही दिसतं. नुसतं कॅरी (हवेतलं अंतर) बघून उपयोग नाही.

करमलघाट, दुपारी 2:25
हो, तिथेच खेळतो. मडगावहून करमलघाट उतरून जातो, आयडीत लिहिलंच आहे की. उंचीचा आकडा बघितला नाही, दुकानदाराने अंतराचाच पडदा लावला होता.

मापात_पाप, दुपारी 2:33
लावणारच. आता वेज सांगा. हा प्रश्न सकाळपासून तसाच पडून आहे.

करमलघाट, दुपारी 2:40
एकच, 56 अंशांची सँड वेज. ती राहणार.

मापात_पाप, दुपारी 2:52
मग हिशेब बघा. स्टेल्थची पिचिंग वेज 43 अंश. तिच्यापासून तुमच्या 56 पर्यंत 13 अंशांची दरी. तुमच्या भाषेत, पूर्ण पिचिंग वेज 105 यार्ड आणि पुढचा क्लब थेट 70. मधल्या सगळ्या अंतरांना अर्धा, पाऊण स्विंग, आणि 22 हँडिकॅपला नेमकं तेच जमत नाही. जी425 ची पिचिंग वेज 44.5, म्हणजे दरी साडेअकराची. तिथेही एक वेज लागेलच, पण 50 ची घेतली की काम भागतं. स्टेल्थ घेतलात तर 49 ची हवी, तीही डावऱ्यांची, वापरलेली. शोधत बसा. ती धरली तर तुमचे आठ हजार किती झाले?

जुना_खलाशी, दुपारी 3:05
आमच्या वेळी पिचिंग वेज आणि सँड वेज, दोनात काम व्हायचं.

मापात_पाप, दुपारी 3:07
काका, तुमच्या आय2 ची पिचिंग वेज आजच्या हिशेबात जवळजवळ गॅप वेजच (पिचिंग आणि सँडच्या मधली) आहे. म्हणून व्हायचं.

शुक्रवारचा_बाजार, दुपारी 3:30
सेट कुठलाही घ्या, ग्रिप आधी बघा. आपल्या दमट हवेत रबर वर्ष-दोन वर्षांत गुळगुळीत होतं, पावसाळ्यात बॅग कपाटात ठेवली तर पांढरी बुरशी वेगळी. घरी बदलता येतात. हुकसारख्या वाकड्या पात्याने जुनी ग्रिप उभी चिरा, ग्रॅफाइटवर सरळ पातं चालवू नका, शाफ्टला चरा पडला की तिथेच तुटतो. जुनी टेप खरवडून काढा, नवी दोन बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळा. ग्रिपच्या वरच्या भोकात टी (चेंडू ठेवायची खुंटी) खोचून आत व्हाइट स्पिरिट ओता, हलवा, तेच टेपवर सांडा आणि एका दमात ग्रिप आत ढकला. मध्ये थांबलात तर अर्ध्यात अडकते. रेघ सरळ करायला मिनिटभर मिळतं. रात्रभर तसंच ठेवा. अंगणात करा, जवळ विडी-काडी नको.

पुणेरी_बंकर, दुपारी 3:38
ग्रिपचं कोणी विचारलं होतं?

शुक्रवारचा_बाजार, दुपारी 3:40
विचारेल पावसाळ्यात.

आगोंदकार, दुपारी 4:05
शाफ्टवर रेग्युलर (लवचीक) लिहिलंय की स्टिफ (कडक)? आणि पिंगच्या होझलजवळ रंगीत ठिपका असतो, तो कुठला? काळा असेल तर नेहमीचा लाय (दांड्याचा जमिनीशी कोन).

करमलघाट, दुपारी 4:50
दोन्हीकडे फोन करून विचारलं. स्टेल्थ स्टिफ. पिंग रेग्युलर, ठिपका लाल. उंची विचारायच्या आत सांगतो, पाच फूट सहा इंच. वय 51.

पुणेरी_बंकर, दुपारी 4:58
लाल म्हणजे लाय सपाट. चेंडू उजवीकडे जाणार. सोडा तो सेट.

मापात_पाप, संध्याकाळी 5:02
डावखुऱ्याचा डावीकडे जाईल, उजवीकडे कसा जाईल? आणि जाईल तोही लाय माणसाला बसत नसेल तरच. पाच-सहा उंचीच्या माणसाला लाल कदाचित बरोबरच बसेल. करमलघाट, सेव्हनच्या सोलला टेप लावा आणि कडक फळीवरून चार-पाच चेंडू मारा. घासल्याची खूण मधोमध आली तर लाय ठीक. टाचेकडे आली तर क्लब जास्त उभा, टोकाकडे आली तर जास्त सपाट. अंश-दीड अंश वाकवून घेता येतो, पण ते ओतीव स्टील आहे, जाणकाराच्या हातीच द्या.
आणखी एक: जी425 पॉवर स्पेक, म्हणजे आणखी कमी, लॉफ्टमध्येही मिळायचा. त्या गृहस्थांना मूळ ऑर्डर विचारा किंवा लॉफ्ट मोजून घ्या, नाहीतर माझा वरचा हिशेब चुकेल. होझलवरचा सिरियल नंबर सगळ्या क्लबांवर एकच आहे ना, तेही बघा. नकली माल फिरतोय.

आगोंदकार, संध्याकाळी 5:15
51 वय, 22 हँडिकॅप आणि स्टिफ स्टील, तेही समुद्राच्या वाऱ्यात? मी तर नसतं घेतलं. पिंगच्या फिनिशवर पाणी ठरत नाही, सकाळच्या दवात तेही बरं पडतं.

जुना_खलाशी, संध्याकाळी 5:20
दव पडायच्या आत खेळून घरी यावं.

आगोंदकार, संध्याकाळी 5:21
काका, दव सकाळी असतं.

करमलघाट, संध्याकाळी 6:10
उद्या सकाळी फळी आणि टेप घेऊन पर्वरीला जातो. खूण मधे आली आणि लॉफ्ट 30 भरला तर पिंग उचलतो. 50 ची डावरी वेज कोणाकडे असेल तर कळवा. पुण्याला नको म्हणून सांगतो.

साखळीवाला, संध्याकाळी 6:25
थांबा, नको म्हणू नका. मी सकाळपासून वाचतोय. मीही डावखुरा, वय 29, स्टिफच शोधतोय. त्या दुकानाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आठ हजारांचं मी बघून घेतो.