४ मिमीच्या आयपीसआधी ३२ चा घ्या

कोणीतरी विचारलंय की १३०/६५० च्या न्यूटोनियनसोबत (आरशाची दुर्बीण, आरसा १३० मिमी रुंद, नाभीय अंतर ६५० मिमी) २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळ्याकडची, बदलता येणारी भिंगं) आलेत, आता शनीसाठी ४ मिमीचा घेऊ का. माझं मत, इतक्यात नको. ६५० भागिले ४ म्हणजे साधारण १६२ पट, १३० मिमीच्या आरशाला ते कागदावर झेपतं हो, पण हवा स्थिर नसेल तर शनी नुसता मोठा आणि गिचमिड दिसणार, आणि स्वस्तातल्या ४ मिमीला डोळा अगदी काचेला चिकटवावा लागतो, पापण्या घासतात, चष्मा असेल तर विषयच संपला. (सिलिंडर नंबर नसेल तर चष्मा काढून फोकस करा, चालतं.) त्यापेक्षा बरा २x बार्लो (आयपीसच्या पुढे बसणारं, पट दुप्पट करणारं भिंग) घ्या, १० मिमीवर १३० पट मिळतात आणि डोळा नुसत्या १० मिमीइतकाच आरामात लांब राहतो. तसं शनीचं कडं नुसत्या १० मिमीवर, ६५ पटीलाही वेगळं दिसतंच.

खरी मजा मात्र उलट्या बाजूला, कमी पटीत आहे, ते कोणी सांगत नाही. सव्वा इंची नळीचा ३२ मिमीचा प्लॉसल (आयपीसचाच एक प्रकार) घ्या, २० पट आणि जवळपास अडीच अंश आकाश, कृत्तिका अख्ख्या मावतात, वर कडेला मोकळी जागा उरते. फक्त शहराच्या उजेडात पार्श्वभूमी राखाडी दिसेल, कारण आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ६.४ मिमीचा होतो, तो गावाकडच्या काळोखातच शोभतो. आणि दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेलं असतं ना, ते वाचूच नका.