कोजागिरीला कोणता ‘मुघल-ए-आझम’?

मंदार (सेक्रेटरी, ए-२०२): नमस्कार मंडळी. कोजागिरीला गच्चीवर सिनेमा दाखवायचा, एवढं ठरलंय. मतदानात ‘मुघल-ए-आझम’ सगळ्यात पुढे आहे. सोसायटीपुरता खेळ असला तरी हक्कदारांची परवानगी घ्यायची आहे आणि अर्जात कोणती आवृत्ती ते लिहावं लागेल. मूळ ब्लॅक अँड व्हाइट की २००४ ची रंगीत? रविवारपर्यंत मतं सांगा.

नीला काकू (ए-१०१): रंगीतच घ्या. ब्लॅक अँड व्हाइट लावलंत तर मुलं दहा मिनिटांत खाली पळतील. खुर्च्यांवर आपण म्हातारेच उरू.

केतकी (सी-१०२): माझंही मत रंगीतला. २००४ च्या दिवाळीत १२ नोव्हेंबरला ‘वीर-झारा’ आणि हा एकाच दिवशी लागले होते. मला ‘वीर-झारा’ बघायचा होता, पण आई मला याला घेऊन गेली. मधुबाला पडद्यावर आली आणि मी आईचा हात घट्ट धरून ठेवला तो शेवटपर्यंत. आई आता नाही. माझ्यासाठी हा सिनेमा म्हणजे तेच रंग, तोच पिवळा, तोच डाळिंबी.

शिरीष काका (ए-५०३): केतकी, मन भरून आलं. 🙏
मंदार, वेळेचंही बघ. मूळ सिनेमा १९७ मिनिटांचा, रंगीत १७७ मिनिटांचा. उघड्यावर स्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेसहाच्या आधी पडद्यावर काही दिसणार नाही. मूळ लावला तर ९:४७ ला संपेल, मध्यंतराला जेमतेम दहा मिनिटं. रंगीत लावला तर साडेनऊच्या आत मोकळे.

नीला काकू (ए-१०१): झालं तर मग! रंगीत लावा आणि मध्यंतरात निवांत मसाला दूध घ्या.

वसुधाताई (बी-४०१): दूध मध्यंतरात कशाला? चंद्र डोक्यावर आल्यावर घ्यायचं असतं ते. सिनेमा दहाला संपू दे, मग दूध.

आवृत्तीबद्दल जरा सविस्तर लिहिते, वाचा.

मी शाळेत असताना हा सिनेमा मराठा मंदिरला पाहिला. ५ ऑगस्ट १९६० ला तिथेच तो लागला. सिनेमाची रिळं सजवलेल्या हत्तीवरून थिएटरात आणली होती. तिकिटांसाठी लोक रस्त्यावर मुक्काम ठोकून बसले होते, वडील किती दिवस त्याच गप्पा सांगायचे. आम्हाला तिकिटं मिळाली ती गर्दी ओसरल्यावर.

आता मुद्द्याचं. ज्यांनी फक्त रंगीत पाहिलाय त्यांच्या हातून एक गोष्ट निसटते. मूळ सिनेमा पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट नाहीच. सलीम, अनारकली, अकबराचा दरबार, कैदखाना, साखळदंड हे सगळं तुम्ही काळ्यापांढऱ्यात बघत आलेले असता. डोळ्यांना त्याची सवय झालेली असते. मग शीशमहाल येतो. ‘प्यार किया तो डरना क्या’. आणि पडदा एकदम रंगीत होतो! थिएटरभर एकच ‘आ’ झाला होता. बाजूच्या अनोळखी बाईंनी माझा खांदा धरला.

हिंदुस्थानच्या बादशहासमोर एक दासी उघडउघड सांगते की मी प्रेम केलंय, चोरी नाही. नेमकं त्याच क्षणी रंग येतात. छताच्या हजार आरशांत ती दिसते. जिकडे मान वळवावी तिकडे अकबराला तीच. मग पुढे पुन्हा काळंपांढरं, आणि शेवटाकडे परत रंग. पहिल्या फ्रेमपासून सगळं रंगवून टाकलं की या गाण्यापाशी काहीच बदलत नाही. बादशहाचे कपडे रंगीत, पहारेकऱ्यांचे रंगीत, भिंती रंगीत, आणि तिचं बंडही त्याच रंगात. तिच्यासाठी राखून ठेवलेलं असं काही उरत नाही.

केतकी (सी-१०२): हे मला खरंच माहीत नव्हतं, आजी. मला वाटायचं जुना सगळाच काळापांढरा होता आणि नंतर सगळा रंगवला.

ओंकार (बी-२०३): पण आजी, अशी जागा राखायची म्हणून दिग्दर्शकाने तसं केलं नव्हतं ना? मी वाचलंय की के. आसिफना टेक्निकलरची रंगीत रिळं इतकी आवडली की अख्खा सिनेमा पुन्हा रंगीत चित्रित करायचा होता. वितरक आणखी थांबायला तयार नव्हते म्हणून राहिलं. मग २००४ मध्ये त्यांचंच राहिलेलं काम पूर्ण झालं, असं म्हणता येईल.

शिरीष काका (ए-५०३): ओंकारचं बरोबर आहे, आसिफना रंगीतच करायचा होता. चाळिशीच्या दशकात चंद्रमोहन आणि नर्गिस यांना घेऊन त्यांनी हा सिनेमा सुरू केला होता. फाळणी झाली, पैसा घालणारे पाकिस्तानात गेले, १९४९ मध्ये चंद्रमोहन वारले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शापूरजी पालनजींनी पैसा घातला तेव्हा कुठे तो उभा राहिला. हो, तेच बांधकामवाले. इतक्या वर्षांनंतर आणखी दोन वर्षं थांबा म्हटल्यावर कोण ऐकणार!

पण आसिफनी रंगीत चित्रित केला असता तर छायाचित्रकार आर. डी. माथुर यांनी प्रकाशच वेगळा लावला असता. काळ्यापांढऱ्यासाठी लावलेल्या प्रकाशावर चव्वेचाळीस वर्षांनी संगणकाने रंग चढवणं हे काम निराळं. पिसाचा प्रसंग आठवा. मागे बडे गुलाम अली खाँसाहेब सोहनी रागात ‘प्रेम जोगन बन के’ गातात आणि सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पांढरं पीस फिरवतो. काळ्यापांढऱ्यात त्या चौकटीत फक्त उजेड आहे. पीस उजळ, कपाळ उजळ, बाकी रात्र. आपली नजर दुसरीकडे जाऊच शकत नाही. रंगीतमध्ये मला आधी ओढणीचा रंग दिसतो, मग दागिना, मग फुलं, आणि चेहऱ्यापाशी पोचेपर्यंत खाँसाहेबांची तान पुढे निघून गेलेली असते.

नीला काकू (ए-१०१): खाँसाहेबांनी एकेका गाण्याचे पंचवीस हजार घेतले होते म्हणे, त्या काळात!

शिरीष काका (ए-५०३): हो. आणि ते सत्कारणी लागले.

रंगीत आवृत्तीचं एक काम मात्र मी मनापासून मानतो. मी आकाशवाणीत आयुष्य काढलं, माझं लक्ष आधी कानाकडे जातं. २००४ मध्ये नौशादसाहेब हयात होते आणि ध्वनीच्या कामात ते स्वतः होते. लताबाईंचा आवाज मूळचाच ठेवला. ज्याचं संगीत त्याच्याच देखरेखीखाली ते नव्याने उजळलं, त्याला नाव ठेवायला मला जागा दिसत नाही. मूळची निगेटिव्हही त्यानिमित्ताने फ्रेम न् फ्रेम साफ झाली. नाहीतर आज आपल्या हातात ओरखड्यांनी भरलेली रिळं उरली असती.

ओंकार (बी-२०३): ज्यांनी सिनेमा घडवला त्यांची संमती हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘रांझणा’ माझा कॉलेजातला सिनेमा, २०१३ चा. आम्ही सगळे मित्र शेवट बघून गप्प बाहेर पडलो होतो, चहाच्या टपरीवरही कोणी बोललं नाही. गेल्या वर्षी, १ ऑगस्ट २०२५ ला त्याची तमिळ आवृत्ती ‘अंबिकापथी’ पुन्हा लावली ती एआयने शेवट बदलून. त्यात नायक, म्हणजे धनुषचा कुंदन, मरत नाही. डोळे उघडतो. हक्क कंपनीकडे होते म्हणून त्यांनी ते केलं. दिग्दर्शक आनंद राय आणि धनुष दोघांनी जाहीरपणे सांगितलं की हा आमचा सिनेमा नव्हे.

मी तो बदललेला शेवट मोबाईलवर पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. अख्ख्या सिनेमात तो मुलगा बनारसच्या गल्ल्यांतून ज्या हट्टाने त्या मुलीच्या मागे जातो, त्या हट्टाने काय काय उद्ध्वस्त केलं याचा हिशोब त्या हॉस्पिटलच्या खाटेवर होतो. तिथे त्याला उठवून बसवलं म्हणजे तो हिशोबच पुसला. पुन्हा हे करताना ज्याने तो प्रसंग केला त्या नटाला विचारलंही नाही. चेहरा त्याचा, आणि अभिनय यंत्राचा.

केतकी (सी-१०२): ते भयंकरच आहे. पण मग ओंकार, अनारकलीचं काय? शाळेत आम्हाला सांगायचे तिला भिंतीत चिणलं. सिनेमात तर ती वाचते. म्हणजे आसिफनीही शेवट बदललाच की.

ओंकार (बी-२०३): अरे हो! इम्तियाज अली ताज यांचं १९२२ चं ‘अनारकली’ हे नाटक, त्यात तिला जिवंत चिणतात. १९५३ च्या ‘अनारकली’ सिनेमातही. आसिफच्या सिनेमात अकबर तिच्या आईला दिलेल्या वचनापोटी तिला गुप्त वाटेने सोडतो.

वसुधाताई (बी-४०१): केतकी, बरं झालं विचारलंस. याचा मी पुष्कळदा विचार केलाय.

आसिफनी कोणाचं रीळ घेऊन त्यावर दुसरा शेवट चिकटवला नाही. अनारकली ही लोकांच्या तोंडची कहाणी. ती त्यांनी आपल्या पद्धतीने पहिल्यापासून सांगितली आणि तो शेवट आधीपासून पेरत आणला. सलीम जन्मल्याची बातमी अनारकलीच्या आईने आणली होती, तेव्हा अकबराने खूश होऊन शब्द दिला होता. बादशहा न्यायाला बांधलेला, तसा शब्दालाही. म्हणून ती सुटते. आणि सुटते तरी कशी? सलीमला कळणारही नाही की ती जिवंत आहे. मला तर तो शेवट चिणण्यापेक्षाही जड वाटतो. भिंतीत चिणलं तर एकदाच मरण. इथे ती आईचा हात धरून भुयारातून निघून जाते आणि ज्याच्यासाठी दरबारात नाचली त्याला उरलेलं आयुष्यभर मेलेलीच राहते.

गोष्ट पुन्हा सांगायला कोणाची ना नाही. फिरोज अब्बास खान यांनी २०१६ मध्ये मुंबईच्या एनसीपीए नाट्यगृहात यावरच संगीत नाटक केलं, त्यात कलाकार रंगमंचावर स्वतः गायचे. मी पाहिलं, आवडलं. ती त्यांची निर्मिती होती, त्यांच्या नावावर होती आणि मूळ सिनेमा जिथल्या तिथे राहिला. माझी तक्रार वेगळी आहे. बदललेलं मूळच्या नावाने फिरतं आणि हळूहळू मूळ दिसेनासं होतं. टीव्हीवर लागतो तो बहुतेक रंगीत. आमच्या नातवंडांना दुसरा असतो हेच माहीत नाही. ती वीस मिनिटं कमी आहेत, हे तरी कितीजणांना ठाऊक आहे?

नीला काकू (ए-१०१): वसुधाताई, तुमचं सगळं पटतंय. पण माझ्या नातवाला बसवू कसा, ते सांगा.

वसुधाताई (बी-४०१): त्याला सुरुवातीलाच सांगा, मध्ये एका ठिकाणी सिनेमा रंगीत होणार आहे, तू ओळख कुठे. बघा कसा डोळे लावून बसतो. आणि दुर्गाबाई खोटे दाखवा त्याला, जोधाबाई झाल्या आहेत त्या. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मधल्या तारामती त्याच. मराठीतला पहिला बोलपट. इथे अकबर आणि सलीम, नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभी राहिलेली ती राणी बघा. आरडाओरडा नाही, पदर सावरण्यातून सगळं सांगते.

नीला काकू (ए-१०१): हे मात्र छान. सांगून बघते त्याला.

केतकी (सी-१०२): आजी, मी माझं मत मागे घेत नाहीये, कारण माझ्या आईबरोबरचा सिनेमा तो रंगीतच आहे आणि तसाच राहणार. पण कोजागिरीला मूळ लावा. मला शीशमहालात रंग येताना बघायचे आहेत. ते मी कधीच पाहिलेले नाहीत.

वसुधाताई (बी-४०१): तू माझ्या शेजारी बस.

शिरीष काका (ए-५०३): मंदार, प्रोजेक्टरबद्दल एक सूचना. भाड्याने आणताना जास्त उजेडाचा घे आणि पडद्यासाठी पांढरी चादर नको, नीट ताणलेला पडदा हवा. पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला उगवणार, त्याचा उजेड पडद्यावर पडला तर काळे भाग राखाडी दिसतील आणि कैदखान्यातलं काहीच कळणार नाही. पडद्याची पाठ पूर्वेकडे ठेव, म्हणजे पाण्याच्या टाकीच्या बाजूला.

ओंकार (बी-२०३): ती जागा मी आणि बी-विंगची मुलं शनिवारी मोजून घेतो. टाकीच्या भिंतीला हूक आहेत, पडदा तिथे ताणता येईल.

मंदार (सेक्रेटरी, ए-२०२): मग अर्जात मूळ आवृत्ती लिहितो, १९७ मिनिटं. खेळ बरोबर ६:३० ला सुरू, मध्यंतर दहाच मिनिटं, दूध सिनेमा संपल्यावर. ज्यांना रंगीतच पाहायचा आहे त्यांच्यासाठी पुढच्या रविवारी क्लबहाउसमध्ये तो लावू. बंद हॉल आहे आणि दुपारीच लावू, म्हणजे घाई नाही. दोन्हींची परवानगी एकदमच मागतो.

नीला काकू (ए-१०१): मी दोन्हींना येणार. दुधाला केशर माझ्याकडून.

शिरीष काका (ए-५०३): मंदार, मागच्या रांगांसाठी दुसरा स्पीकर सांगून ठेव. बडे गुलाम अली खाँसाहेब मागे बसणाऱ्यांनाही ऐकू आले पाहिजेत.