गाळ्यांच्या इमारतीचं ड्रेनेज दर पंधरा दिवसांनी तुंबतंय, काय करावं?

गाळा नंबर अकरा (पुणे, सातारा रस्ता)

नमस्कार मंडळी. आमची इमारत १९९४ सालची. तळमजल्यावर चौदा गाळे, वर दोन मजले ऑफिसं. खाली एक फरसाणवाले आहेत, एक डोशाचं हॉटेल, एक अमृततुल्य. पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आणि पार्लर. माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे आणि यंदापासून गाळेधारक संस्थेची सेक्रेटरी मीच आहे.

मागच्या बोळात सात चेंबर आहेत. पंधरा-वीस दिवस झाले की तिसरं नाहीतर चौथं भरून वाहतं आणि पाणी माझ्या मागच्या दारातून आत येतं. गेल्या महिन्यात कागदाची अकरा रिमं गेली. नेहमीचा माणूस येतो, कांबी मारतो, पंधराशे रुपये घेतो, पाणी उतरतं. परवा म्हणाला, "मॅडम, कांबीने आता भागायचं नाही. पोराला आत उतरवतो, हाताने गाळ काढतो, चार हजार द्या." मुलगा विशीचा असेल, पायात स्लिपर. मी नको म्हटलं. कमिटीतले बाकीचे म्हणतात, चेंबर जेमतेम सहा फूट आहे, त्यात एवढं काय. मशीनवाल्यांनी अठरा हजार सांगितले. एवढे घालवावेत का? आणि घालवून पुन्हा तुंबलं तर कमिटीला काय तोंड दाखवू?

कोथरूडचा गाळेवाला

आम्ही महिन्यातून एकदा रात्री दोन किलो कॉस्टिक टाकतो, सकाळी ॲसिडचे दोन कॅन ओततो. सात-आठशेत काम होतं. मशीनवाले उगाच घाबरवतात.

जेटिंगवाला, पिंपरी

ताई, पैशांचं नंतर बोलू. आधी त्या मुलाला उतरू देऊ नका.

मी या धंद्यात एकोणीस वर्षं आहे, सुरुवातीची काही वर्षं बांबू आणि बादली घेऊन. २००८ साली एका कारखान्याच्या कँटीनमागची टाकी साफ करायला गेलो होतो. पाच फूटच खोल. झाकण काढल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला. थोड्या वेळाने यायचा थांबला. आम्हाला वाटलं हवा लागली, गॅस गेला. जोडीदार उतरला, बांबूने तळ ढवळला, बुडबुडे आले आणि तो एकदम खालीच बसला, दमून बसावं तसा. आवाज नाही, हाक नाही. मी वरूनच वाकून त्याचा शर्ट धरला, तो फाटला, मग दंडाला धरून ओढला. कँटीनचे दोघे धावले म्हणून तो वर आला. मी आत उडी मारली असती तर दोघंही गेलो असतो. तो वाचला, पण पुन्हा या कामात आला नाही, भाजीची गाडी लावतो.

वास का थांबला ते मला पुढे कळलं. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं. गॅस तिथेच असतो, हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, आणि गाळ ढवळला की त्यात अडकलेला सगळा एकदम सुटतो. म्हणून "सहाच फूट आहे" हे बोलणं माझ्यासमोर कुणी केलं की मला सहन होत नाही.

कमिटीला हेही सांगा. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेची साधनं आणि खबरदारी न घेता गटारात, सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि थेट असो वा दुसऱ्यामार्फत, दोन्ही धरलं जातं. म्हणजे "आम्ही ठेकेदाराला दिलं होतं" म्हणून हात झटकता येत नाहीत. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र. गटारात माणूस गेला तर घरच्यांना तीस लाख द्यायचे, असा सुप्रीम कोर्टाचा ऑक्टोबर २०२३ चा निकाल आहे.

कोथरूडच्या दादांना हात जोडून सांगतो, ते ॲसिड बंद करा. सडलेल्या गाळावर ॲसिड पडलं की तोच गॅस सुटतो आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीखालचा पाणी धरून वास अडवणारा भाग, कोरडा असेल तर वरच्या ऑफिसात चढतो. बिडाचा पाईप आणि चेंबरचं प्लास्टर खातं ते वेगळं. कॉस्टिकने तेलाचा साबण होतो, तो पुढे वाहतो आणि बोअरचं जड पाणी असेल तर थिजून दगडासारखा बसतो. तुमचं गटार मोकळं दिसतं कारण चोकअप पुढे सरकलाय.

आता तुमच्या लाईनचं. सातही झाकणं एका सकाळी उघडा, आत वाकू नका, काडी-सिगारेट जवळ नको, लांबून बॅटरीने बघा. भरलेलं शेवटचं चेंबर आणि त्याच्या पुढचं पहिलं रिकामं, चोकअप त्या दोघांच्या मधल्या पाईपात. चार भरलं आणि पाच रिकामं असेल तर चार-पाचच्या मध्ये. सातही भरली असतील तर दोष बहुतेक रस्त्यावरच्या लाईनचा, मग महापालिकेकडे तक्रार करा, खिशातला रुपया घालू नका.

कांबीने पाईपात फक्त भोक पडतं. तेलाचा थर भिंतीला तसाच राहतो, भोकातून पाणी जातं, पंधरा दिवसांत भोक बुजतं. तुमचे पंधराशे त्या भोकाचे आहेत. जेटिंग म्हणजे मशीनने जोरात पाणी मारून पाईप धुणं. त्याच्या नोझलला मागच्या बाजूने भोकं असतात. पाणी मागे सुटतं, त्याच्या रेट्याने होज स्वतःच पाईपात चालत जातो, आणि परत ओढताना भिंत खरवडून सगळं आपल्याकडे आणतो. म्हणून काम नेहमी खालच्या, रिकाम्या चेंबरमधून वरच्या दिशेला करायचं. पाचमधून चारकडे. पाचच्या पुढच्या तोंडाला जाळी आणि गाळ उचलायला सक्शन गाडी. ती न आणणारा माणूस तुमचा गाळ नुसता सहा-सातकडे ढकलतो. १९९४ ची इमारत म्हणजे स्टोनवेअरचा, म्हणजे भाजलेल्या मातीचा पाईप असण्याची शक्यता फार, त्याला दाब बेताचाच लावायला सांगा. माझं मशीन दीडशे बारला जातं, जुन्या स्टोनवेअरला मी ऐंशीच्या वर नेत नाही, सांधे उखडतात.

अठरा हजारांत सक्शन गाडी आणि धुतल्यानंतरचा कॅमेरा आहे का ते विचारा. कॅमेरा नसेल तर घासाघीस करा, असेल तर द्या. "कोणीही माणूस चेंबरमध्ये उतरणार नाही" हे वाक्य कोटेशनवर लिहून घ्या. लिहायला का-कू करेल तो माणूस नको.

आणि हो, दातांच्या दवाखान्यात सिंकखाली प्लास्टरचा ट्रॅप आहे का? साचे घेतलेलं प्लास्टर धुऊन सोडलं तर ते पाण्यातसुद्धा घट्ट होतं, त्याला तेलाचा लेप मिळाला की बघायलाच नको.

डोसा-इडली, नाशिक

मी हॉटेलवाला आहे म्हणून आमच्या बाजूने लिहितो. ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल गटारात जाण्याआधी अडवणारी टाकी, नुसती बसवून काम होत नाही, ती उपसावी लागते. वर तरंगणारं तेल आणि खाली बसलेला चोथा मिळून टाकीच्या पाव खोलीइतका झाला की उपसायचा. माझ्याकडे दर सोमवारी रात्री पोरगा उपसतो, वहीवर सही करतो. तेल पिंपात साठवून न्यायला देतो, पावसाळी गटारात ओतत नाही. त्याहून मोठा फरक पडला तो ताटं धुण्याआधी सांबार-चटणी पुसून घ्यायला लागलो तेव्हा. तुमच्या फरसाणवाल्यांना आणि डोसेवाल्यांना चोर ठरवून बोलावू नका, ट्रॅप आधी स्वतः जाऊन बघा.

गाळा नंबर अकरा

तिघांचे आभार. सगळं वाचून दाखवलं, तीस लाखांचा आकडा ऐकल्यावर मीटिंग शांत झाली. झाकणं उघडली, चार भरलेलं, पाच रिकामं, दादांनी सांगितलं तसंच.

रविवारी जेटिंग झालं. होज परत येताना आधी काळं पाणी आलं, मग पांढरे पिवळसर लपके, थिजलेल्या डालड्यासारखे. एक माझ्या वितीएवढा होता, त्यात केसांचे पुंजके, बडीशेप आणि चक्क एक चमचा. प्लास्टरचे तुकडे निघाले, पाईपच्या गोलाईचा आकार घेऊन. डॉक्टर खाली येऊन बघून गेले आणि तिथल्या तिथे ट्रॅप मागवला.

पण खरी गोष्ट कॅमेऱ्यात सापडली. पाचपासून अकरा फुटांवर जुन्या पाईपात नवा पीव्हीसी पाईप वरून घुसवलाय, आत चार बोटं आलेला, भोवती सिमेंटचे लोंबते गोळे. हॉटेलचं नूतनीकरण झालं तेव्हा कुणीतरी ट्रॅपला वळसा घालून मोरी थेट लाईनला जोडली. मालकांनाही माहीत नव्हतं, ठेकेदाराने परस्पर केलं. पाच फूट खोदून तेवढा पाईप बदलायचा खर्च ते अर्धा देताहेत. हे सगळं मी ओरडून विचारलं असतं तर कुणी कबूल केलं नसतं, पडद्यावर दिसल्यावर कुणी बोललंच नाही.

नेहमीचे कांबीवाले बघायला आले होते, तो मुलगाही. होज आपोआप आत जाताना तो पूर्ण वेळ उकिडवा बसून बघत होता. जाताना गाडीवाल्यांना विचारलं, हे शिकायला काय लागतं. त्यांनी नंबर दिलाय.

दादा, आता पुढे दर किती दिवसांनी धुऊन घेऊ?

जेटिंगवाला, पिंपरी

पाईप बदलून झाल्यावर परत एकदा कॅमेरा घालायला लावा, नवा उतार बरोबर आहे का ते बघायला. पाईप खाली बसला असेल तर कॅमेरा तेवढ्या भागात पाण्याखाली जातो, लगेच कळतं. तसं असेल तर खड्डा बुजवायच्या आधी दुरुस्त करून घ्या.

धुण्याचं म्हणाल तर फरसाणचं दुकान आहे म्हणून दिवाळीनंतर एकदा आणि मेअखेर पावसाच्या आधी एकदा. मधे महिन्याच्या पहिल्या सोमवारी चार आणि पाचची झाकणं उघडून पाण्याची पातळी वहीत लिहा. आताचं रेकॉर्डिंग पेनड्राईव्हवर मागून ठेवा. पुढच्या वेळी तीच अकरा फुटांची जागा शेजारी शेजारी लावून बघता येईल.