रात्रभर बंद ठेवलेला तलावाचा पंप सकाळी पाणी उचलत नाही; फरसबंदी उकरावी का?

प्रश्न (कर्दे, ता. दापोली)

नमस्कार. कर्दे येथे आमचा होमस्टे आहे. वाडीच्या उतारावर १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा पोहण्याचा तलाव असून त्याचा दीड अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप पाण्याच्या पातळीपेक्षा साधारण १.२ मीटर उंचावर पंपघरात बसवलेला आहे. पावसाळाभर तलाव बंद होता. ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा सुरू केल्यापासून रात्री बंद केलेला पंप सकाळी पाणी उचलत नाही. गाळणीचे झाकण उघडावे तर आतले भांडे जवळजवळ रिकामे असते. चार-पाच बादल्या पाणी ओतून पंप चालू केला की दहा-पंधरा मिनिटांनी कसेबसे पाणी येते, परंतु पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिवसभर दिसत राहतात आणि पाणी परत तलावात सोडणाऱ्या तोंडांतूनही हवा येते. पंपाभोवती मात्र एक थेंबही गळत नाही.

झाकणाची ओ-रिंग नवी आणली आणि तिला पेट्रोलियम जेली लावली, तरी फरक पडला नाही. जमिनीखालचा सक्शन पाइप (तलावातून पंपाकडे पाणी ओढून आणणारा) फुटला असावा आणि तलावाभोवतीची जांभ्याची फरसबंदी उकरून नवा पाइप टाकावा लागेल, असे आमच्या प्लंबरचे मत आहे. दिवाळीच्या सुट्टीची आरक्षणे झालेली आहेत, शिवाय ती फरसबंदी वडिलांनी रोज स्वतः उभे राहून घालून घेतलेली आहे. उकरण्याआधी आणखी काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (अलिबाग)

फरसबंदीला सध्या हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अलिबाग परिसरातील बंगल्यांच्या तलावांची देखभाल मी बरीच वर्षे करतो आणि पंप हवा घेतो तेव्हा दोष बहुतेक वेळा पंपाच्या हातभर अंतरातच सापडलेला आहे.

आपण गळती शोधत आहात, पण सक्शनच्या बाजूला पंप चालू असताना पाणी बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून सदोष सांधा कोरडाच दिसतो. पंप थांबला की त्याच फटीतून हवा शिरते आणि पाण्याच्या पातळीच्या वर असलेल्या पाइपातले पाणी उतारावरून तलावात परत जाते. आपण ओतलेल्या बादल्यांचेही तेच होते. पाइपाचे दुसरे टोक तलावात उघडे असल्याने उतरत्या पाइपात पाणी टिकत नाही, म्हणून केवळ गाळणीचे भांडे काठोकाठ भरावे आणि पाइपातली हवा पंपालाच ओढू द्यावी. त्या वेळी फिल्टरवरचा हवा सोडण्याचा स्क्रू उघडा ठेवावा, कारण हवेने भरलेला पंप वाळूच्या थरातून हवा ढकलू शकत नाही. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा (फिल्टरमधील पाण्याचा मार्ग बदलणाऱ्या झडपेचा) दांडा फिरवायचा असेल, तर पंप बंद करूनच फिरवावा.

आता दोष कोठे आहे ते पाहू. तलावातून पंपाकडे येणाऱ्या दोन वाहिन्या असतील, एक स्किमरची (तलावाच्या काठाशी पृष्ठभागावरचे पाणी व कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची) आणि एक तळाच्या निचऱ्याची, आणि प्रत्येकीवर व्हॉल्व्ह असेल. आधी तळाचा व्हॉल्व्ह बंद करून पंप केवळ स्किमरवर चालवावा आणि झाकणाखाली पाहावे, नंतर उलट करावे. एकाच वाहिनीवर बुडबुडे येत असतील तर दोष त्या वाहिनीत आहे, आणि दोन्ही वेळा सारखेच येत असतील तर दोष व्हॉल्व्हपासून पंपापर्यंतच्या सामाईक भागात आहे, जो पूर्णपणे डोळ्यांसमोर असतो. या चाचणीत माझी एक कळकळीची विनंती आहे. पंप केवळ तळाच्या निचऱ्यावर चालू असताना तलावात कोणीही असू नये, विशेषतः लहान मुले, कारण सगळी ओढ एकाच जाळीवर आल्यावर माणसाचे अंग किंवा केस तिला घट्ट धरले जाऊन जीव जाऊ शकतो.

जमिनीखालचा पाइप पाण्याच्या पातळीखाली खरोखर फुटला असता, तर पंप बंद असताना त्यातून पाणी जमिनीत मुरले असते आणि तलावाची पातळी खाली गेली असती. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी, बादलीतील आणि तलावातील पातळीवर खूण करावी आणि २४ तासांनी दोन्ही पाहाव्या. दोन्ही सारख्याच उतरल्या असतील तर ते केवळ बाष्पीभवन आहे.

ओ-रिंगवरची पेट्रोलियम जेली पुसून टाकावी. काही जातींचे रबर खनिज तेलाने फुगते. तेथे सिलिकॉन ग्रीसच लावावे. आणि एक प्रश्न विचारतो, तो महत्त्वाचा आहे: ऑक्टोबरमध्ये सुरू करताना पंप पाण्यावाचून किंवा व्हॉल्व्ह बंद असताना चालला होता का?

उत्तर (गुहागर)

आमच्याकडे अशाच तक्रारीचे मूळ सुरूच्या झाडांत निघाले होते. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बारीक काड्या स्किमरच्या आणि गाळणीच्या जाळीतून सहज पार होतात आणि इम्पेलरच्या (पंपातील फिरत्या चक्राच्या) पात्यांत जाऊन अडकतात. पंप फिरतो, आवाजही नेहमीसारखाच येतो, पण उचल कमी होते. मेन स्विच बंद करून तारेच्या आकड्याने त्या काढाव्या लागल्या. सक्शनच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह बसवून टाकल्यास पाणी परत जाणार नाही, असेही वाटते.

उत्तर (अलिबाग)

सुरूच्या काड्यांचा मुद्दा रास्त आहे आणि इम्पेलर पाहायलाच हवा. फूट व्हॉल्व्हबाबत मात्र मी असहमत आहे. तो विहिरीच्या पंपाला शोभतो. स्किमरच्या वाहिनीला तो बसवण्याची जागाच नसते. पंपाच्या अलीकडे झडपेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवता येतो, पण हवा व्हॉल्व्हच्या पुढच्या, म्हणजे पंपाकडच्या, बाजूने शिरत असेल तर भांडे तरीही रिकामे होऊ शकते आणि अलीकडून शिरत असेल तर दोष झाकला जाऊन बुडबुडे चालूच राहतात. आधी फट बुजवावी.

प्रश्नकर्ता

आपल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि हे मी पहिल्याच वेळी लिहायला हवे होते. तलाव सुरू केला त्या दिवशी स्किमर आणि निचरा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहिले होते आणि पंप सुमारे पाऊण तास तसाच चालला. झाकणाला हात लावता येत नव्हता इतके ते तापले होते.

काल दोन्ही वाहिन्या आळीपाळीने तपासल्या. बुडबुडे दोन्ही वेळा सारखेच होते. बादलीच्या चाचणीत दोन्ही पातळ्या बरोबरीने उतरल्या.

उत्तर (अलिबाग)

मग आता पंपाच्या तोंडात आट्यांनी बसवलेला पीव्हीसीचा अडॅप्टर पाहावा. पाणी वाहत नसताना पंपातले तेच पाणी घुसळून तापत राहते आणि ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पीव्हीसीची ताकद झपाट्याने कमी होते. आट्या आक्रसून सैल पडतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. पंप चालू असताना त्या सांध्यावर दाढीचा फेस जाड थापावा. जेथे फेस आत ओढला जाऊन खळगा पडेल, तेथे फट आहे. भांड्याखालच्या निचऱ्याच्या बुचावर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांभोवतीही तसेच करावे. पंप आणि मोटर यांच्यामधून पाणी ठिबकते का, तेही पाहावे, कारण तापल्याने मेकॅनिकल सील (मोटरच्या दांड्याभोवती पाणी अडवणारा भाग) जळलेले असू शकते. ओल्या हाताने काम करत असल्याने आधी पंपाच्या लाइनवरचा ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बटण दाबून तपासून घ्यावा.

प्रश्नकर्ता

अडॅप्टरच्या खालच्या बाजूला, जेथे नजर जात नाही तेथे, फेसात बोट बुडेल एवढा खळगा पडला. अडॅप्टर काढला तेव्हा तो हातानेच फिरला आणि त्याच्या शेवटच्या आट्या लंबगोल झालेल्या होत्या. दापोलीहून नवा आणला, टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळून बसवला आणि त्याच्या मागे युनियन (खोलता येणारा जोड) घातले, म्हणजे पुढच्या वेळी पाइप कापावा लागणार नाही. इम्पेलरमधूनही मूठभर सुरूच्या काड्या निघाल्या. मोटरच्या बाजूने गळती नाही.

आज सलग तिसऱ्या सकाळी झाकणाखाली भांडे भरलेले होते आणि पंपाने अर्ध्या मिनिटाच्या आत पाणी उचलले. निचऱ्याच्या व्हॉल्व्हच्या दांड्यातून अधूनमधून एखादा बुडबुडा येतो. तो व्हॉल्व्ह दिवाळीची गर्दी ओसरल्यावर बदलणार आहे. तोपर्यंत स्किमरचीच वाहिनी जास्त उघडी ठेवली तर चालेल ना?

उत्तर (अलिबाग)

चालेल. मात्र पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यावर राहील याकडे लक्ष ठेवावे, कारण ती त्याखाली गेली की स्किमरमधूनच हवा ओढली जाईल. आणि निचऱ्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करू नये, म्हणजे स्किमर तुंबला तरी पंप कोरडा पडणार नाही.