नवीन गाडी, ११,८०० किमीला टायमिंग चेन गेली, शोरूम म्हणतंय वॉरंटीत बसत नाही. काय करू?

कराड_डेली:
नमस्कार मंडळी, ८ महिन्यांपूर्वी १६० सीसीची नवीन गाडी घेतली, कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. कराड-इस्लामपूर रोजचं अप-डाऊन आहे त्यामुळे ११,८०० किमी झालंय. गेल्या महिन्यापासून सकाळी स्टार्ट केली की इंजिनातून कटकट आवाज येतो, आधी मिनिटभरात जायचा, आता गरम झाल्यावरपण राहतो. शोरूमला नेली तर पहिल्यांदा म्हणाले ह्या गाड्यांना एवढा असतोच, दुसऱ्यांदा ऑइल बदलून दिलं, आणि परवा तिसऱ्यांदा नेली तेव्हा मेकॅनिकनं ऐकून सांगितलं टायमिंग चेन (इंजिनच्या आतली, व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी) आणि ती ताणून धरणारा टेन्शनर गेलाय. मग काउंटरवरचा म्हणतो वॉरंटी मिळणार नाही, दुसरी फ्री सर्व्हिस ७०० किमी उशिरा झालीय. झाली उशिरा, खरंय, वडील तेव्हा दवाखान्यात होते. पण ती सर्व्हिस ह्यांनीच केली, कूपन ह्यांनीच फाडून घेतलं, तेव्हा एका शब्दानं बोलले नाहीत की वॉरंटी गेली म्हणून!! साडेचार हजार खर्च सांगतायत. ५ वर्षं वॉरंटी ऐकून ही गाडी घेतली होती, अजून २८ हप्ते राहिलेत. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

जुना_सर्व्हिसवाला:
दादा पैसे भरू नका अजून. मी ६ वर्षं कोल्हापुरात एका शोरूमला वॉरंटीचंच काम बघायचो. आधी हे सांगा की तिन्ही वेळची जॉब कार्डं आहेत का आणि त्यावर "इंजिनमधून आवाज" असं लिहिलंय का? बहुतेक वेळा तोंडी ऐकून घेतात आणि कार्डावर "जनरल चेकअप" टाकून मोकळे होतात, मग उद्या तुम्ही कितीही सांगा की तक्रार महिन्यापूर्वीची आहे, कागदावर ती नसते.

आता आतलं गणित. वॉरंटीत पार्ट बदलला की जुन्या पार्टला टॅग लावून ठेवायचा, क्लेम कंपनीला टाकायचा, कंपनी पार्टचे पैसे देते आणि मजुरी तिच्या ठरलेल्या रेटनं देते. तो रेट आमच्याकडं तरी गिऱ्हाइकाकडून घ्यायच्या मजुरीपेक्षा कमीच असायचा, आणि क्लेम रिजेक्ट झाला तर सगळा भुर्दंड शोरूमवर. म्हणून जरा शंका आली की काउंटरवरच "नाही" म्हणून टाकतात, कंपनीपर्यंत क्लेम गेलेलाच नसतो. तुम्ही सरळ विचारा, क्लेम टाकला का? टाकला असेल तर रिजेक्ट केल्याचं लेखी द्या. नसेल टाकला तर कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा, चेसिस नंबर, तिन्ही तारखा, आणि सकाळी थंड इंजिन स्टार्ट करतानाचा व्हिडिओ जोडा. तुमच्या भागाचा कंपनीचा सर्व्हिस मॅनेजर शोरूमला फेरी मारत असतो, तो कधी येणार विचारून त्या दिवशी गाडी उभी करा. सर्व्हिस थोडी उशिरा असेल तर गुडविलमध्ये, म्हणजे नियमात बसत नसलं तरी कंपनीच्या मर्जीनं, मंजूर करायचा अधिकार त्याच्याकडं असतो, मी स्वतः असे क्लेम पास झालेले बघितलेत.

अजून एक, कुणी "चेन वॉरंटीत येत नाही" म्हणालं तर ऐकून घेऊ नका. वॉरंटीत नसते ती मागची चेन आणि स्प्रॉकेट, तसंच क्लच प्लेट, ब्रेक लायनर, केबल, फिल्टर, बल्ब, हे झिजणारे पार्ट. (टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या कंपनीची वेगळी असते.) टायमिंग चेन इंजिनच्या आत ऑइलमध्ये चालते, ती ११ हजाराला जायचं काहीच कारण नाही. फक्त इंजिन उघडताना तिथं उभे रहा. ऑइल कमी होतं किंवा आत काळा गाळ साचलाय असं दाखवून क्लेम उडवतात, तेव्हा उघडायच्या आधी ऑइलची पातळी दोघांनी मिळून बघा आणि फोटो काढा. बाहेरून हॉर्न किंवा फॉगलाइट बसवले असतील तर तेही सांगा, वायर कापलेली असली की निदान इलेक्ट्रिकलची वॉरंटी तरी हमखास नाकारतात.

घाटवाट:
वरच्या भावानं मुद्द्याचं सगळं सांगितलंय. मी फक्त एवढं म्हणेन की वॉरंटीची वर्षं बघून गाडी चांगली असं धरू नका. "५ वर्षं किंवा ७०,००० किमी, जे आधी होईल ते" ह्यातलं शेवटचं वाक्य रोज लांब जाणाऱ्यांनी नीट वाचावं, तुमच्या रनिंगला ते चारेक वर्षांतच संपेल, आणि ३ वर्षं ३०,००० किमीवाली घेतली असती तर दोन वर्षांपण टिकली नसती. मी तर नवीन मॉडेल आलं की वर्षभर थांबतो, पहिल्या लॉटमधल्या चुका दुसऱ्यांच्या गाड्यांवर कळतात.

आणि चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल आहे का बघा, ते वॉरंटीपेक्षा वेगळं असतं. २०२१ च्या मे मध्ये रॉयल एनफिल्डनं इग्निशन कॉइलसाठी २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या होत्या, मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट. अशा वेळी दोष कंपनीनं मान्य केलेला असतो, सर्व्हिस उशिरा केली वगैरे मधे आणायचा प्रश्न येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून तर सरकारला ७ वर्षांपर्यंतच्या गाड्यांचा सक्तीचा रिकॉल लावता येतो, पण त्यासाठी ठरावीक टक्के तक्रारी नोंदलेल्या लागतात, आणि आपण तर गल्लीतल्या गॅरेजला नेऊन गप्प बसतो.

वाईकर_आप्पा:
लेकरा, मेलला उत्तर आलं नाही तर १९१५ ला फोन लाव, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथंही नाही जमलं तर सातारचं जिल्हा ग्राहक आयोग. मी स्कूटरसाठी गेलो होतो. तू राहतोस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो की दिल्लीला. वस्तूची भरलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आणि वकील लावायलाच पाहिजे असं नाही. शोरूम आणि कंपनी दोघांनाही पार्टी कर, नाहीतर एकमेकांवर ढकलत बसतात. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. माझं दुसऱ्या तारखेलाच मिटलं, त्यांनी इंजिनचं काम करून दिलं, पण तोवर ७ महिने गेले आणि स्कूटर उभी होती, म्हणून म्हणतो आधी मॅनेजरचा मार्ग बघ.

कराड_डेली:
सगळ्यांचे खरंच आभार, खूप धीर आला. कार्डं शोधली, पहिल्यावर "जनरल चेकअप"च आहे, पण १०,९०० किमीच्या दुसऱ्यावर "इंजिन नॉइज, ऑइल चेंज" लिहिलंय आणि खाली त्यांचा शिक्का! आज विचारलं तर क्लेम टाकलेलाच नव्हता. मेल केला व्हिडिओसकट, दुपारी फोन आला, मॅनेजर गुरुवारी येतोय. बुधवारी रात्रीच गाडी तिथं लावून येणार, म्हणजे सकाळी त्याच्यासमोर थंड इंजिन स्टार्ट होईल. ऑइलचा फोटो आत्ताच काढला, पातळी वरच्या खुणेला आहे. गुरुवारी रजा टाकलीय, काय होतं ते इथंच लिहितो.