मदत हवी आहे: केनियातलं सेंट पॉल्स आतून पाहायचं आहे

नैरोबीजवळ लिमुरूला सेंट पॉल्स विद्यापीठ आहे. तिथे चर्चचे स्थानिक पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) घडतात. त्याची सुरुवात मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउनमध्ये 1903 साली झाली, 1930 ला ते लिमुरूला आलं. या फ्रिअर टाउनचं आपल्या नाशिकशी जवळचं नातं आहे. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं शरणपूरच्या मिशनमध्ये शिकली आणि पुढे तिकडे गेली. त्यांच्यातल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना 1885 मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. नाशिककर म्हणून मला याचा फार अभिमान वाटतो.

पिवळ्या तापाची लस घेतली आहे, ई-टीएची (केनियात जाण्याआधी घ्यायच्या ऑनलाइन प्रवास परवानगीची) माहितीही काढली. तारखा अजून ठरवलेल्या नाहीत. एकटाच येणार, खर्च माझा. इंग्रजी चालेल, स्वाहिली येत नाही. आमच्या पाळकांचं शिफारसपत्र मिळेल. नुसत्या इमारती पाहून परतायचं नाही, वर्गात मागे बसून विद्यार्थ्यांचा प्रवचनाचा सराव ऐकायचा आहे.

केनियात राहिलेल्यांपैकी कुणी सांगेल का: परवानगीचं पत्र थेट धर्मशास्त्र विभागाला लिहावं, की आधी तिथल्या एखाद्या चर्चमार्फत जावं? आणि वर्ग नक्की चालू असतील असे महिने कोणते?