मदत हवी आहे: लग्नात स्वतःची साउंड सिस्टीम, गाण्यातला आवाजच गायब होतोय

कृष्णाकाठ
ताईचं लग्न रविवारी आहे, कार्यालय कराडजवळ. साउंडवाला सांगितलेला नाही, सिस्टीम आम्हीच लावतोय. स्पीकर, मिक्सर, माईक सगळं जमलंय. माईक उत्तम चालतात. पण मोबाईलवरून गाणं लावलं की गाणाऱ्याचा आवाज पार मागे जातो, विहिरीतून आल्यासारखा. वाद्यं मात्र ऐकू येतात. दोन मोबाईल बदलून पाहिले, तेच. वायर नवी आहे. आज गुरुवार, कृपया लवकर सांगा.

माणदेशी
स्पीकर किती इंची? माणसं किती? हॉल पत्र्याचा की स्लॅबचा? काहीच लिहिलं नाहीत. लग्नाला 15 इंची दोन आणि खाली 18 इंची बेस, याशिवाय आवाज भरत नाही.

पारिजात
मोबाईलमधला इक्वलायझर आणि सराउंडचा इफेक्ट बंद करा. नाहीतर सरळ ब्लूटूथने लावा.

कृष्णाकाठ
12 इंची दोन, आत अँप्लिफायर असलेले. माणसं 300. हॉल साधारण 70 फूट लांब, वर पत्रा. इक्वलायझर बंदच आहे. मिक्सरला ब्लूटूथ नाही. आणि आवाज कमी पडतोय असं नाही हो, गाणारा माणूसच नाहीसा होतोय.

ध्वनियंत्री
दोन गोष्टी सांगा. वायरच्या दोन्ही टोकांना कुठली पिन आहे आणि ती मिक्सरच्या कुठल्या सॉकेटमध्ये लावली आहे? आणि एखादं खूप जुनं, 1950 च्या दशकातलं गाणं लावून पाहा. काय होतं?

माणदेशी
जुन्या गाण्याचा काय संबंध? एमपी3 हलक्या प्रतीच्या असणार, 320 केबीपीएसच्या, म्हणजे चांगल्या दर्जाच्या, उतरवून घ्या.

कृष्णाकाठ
वायरच्या एका टोकाला मोबाईलची पिन, दुसऱ्या टोकाला माईकसारखी तीन पिनांची. 3 नंबरच्या चॅनलला लावली आहे, माईक 1 आणि 2 ला आहेत. सनईची एक जुनी रेकॉर्ड आहे ती लावली, जवळजवळ शांतच! मिक्सर गेला का?

ध्वनियंत्री
मिक्सर ठणठणीत आहे. चूक वायरची आहे.

तीन पिनांचा सॉकेट, म्हणजे एक्सएलआर, माईकसाठी असतो. तो 2 आणि 3 नंबरच्या पिनांवरच्या सिग्नलमधला फरक घेतो. दोन्हींवर सारखं जे असेल ते खरखर समजून काढून टाकतो, म्हणून तर माईकची लांब वायर स्वच्छ चालते. तुमच्या वायरीने गाण्याची डावी बाजू 2 वर दिली आणि उजवी 3 वर. गाणारा रेकॉर्डिंगमध्ये मधोमध असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा. तो वजा झाला. डग्ग्याचा आणि बेसचा घुमाराही गेला असेल, बघा. उरली फक्त बाजूची वाद्यं आणि आवाजाभोवतीची गुंज, ती दोन्ही बाजूंना वेगळी असते. विहिरीतून आल्यासारखं वाटतं ते तिच्यामुळे. जुनी रेकॉर्ड मोनो, दोन्ही बाजू तंतोतंत एक, म्हणून पूर्ण शांत.

दुकानात जाऊन स्टिरिओ ईपी पिन ते दोन पी-38 मोनो जॅक अशी वायर मागा. 3.5 मिमीची एक पिन आणि 6.35 मिमीचे दोन मोठे जॅक. ते मिक्सरच्या स्टिरिओ चॅनलला लावा, बहुतेक 5/6 लिहिलेलं असेल. स्टिरिओ नसेल तर दोन मोनो चॅनलच्या लाईन सॉकेटला लावून दोन्हींचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे वळवणारं बटण) मध्यावर ठेवा, म्हणजे डावीकडच्या पाहुण्यांनाही पूर्ण गाणं मिळेल.

आणि मिक्सरवर 48 व्होल्टचं फँटम बटण असेल (काही माईकना वायरीतूनच वीज देणारं) तर आत्ताच बंद करा. त्या वायरीतून ती वीज मोबाईलपर्यंत जाते.

सुतारपक्षी
दोन जॅक कशाला, स्टिरिओ डीआय बॉक्स घ्या, म्हणजे मोबाईलचा सिग्नल माईकच्या सॉकेटला चालेल असा करणारी डबी. आत ट्रान्सफॉर्मर असतो, मिक्सर 50 फूट लांब ठेवला तरी चालतं.

ध्वनियंत्री
मिक्सर हाताशी असताना गरज नाही. दीड-दोन मीटरच्या वायरीला डीआय लागत नाही.

पारिजात
गाण्यांचं लायसन्स काढलंत का? नाहीतर ऐन लग्नात कोणीतरी येऊन गाणी बंद करायला लावेल.

शिरस्तेदार
लग्नाला लागत नाही. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52(1)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाचे इतर सोहळे त्यात येतात, असं स्पष्टीकरणात लिहिलंय. केंद्राच्या उद्योग विभागाने जुलै 2023 मध्ये तशी सूचनाही काढली. वेळेचं मात्र पाहा: ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, आणि दिवसाही लेखी परवानगी लागते. वरातीला स्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यात आधीच अर्ज द्या.

कृष्णाकाठ
वरात नाही. मुहूर्त दुपारी 12:31 चा आहे, सगळं हॉलमध्येच.
दोन जॅकची वायर आणली. आवाज आला! सनईपण लख्ख. ध्वनियंत्री, फार आभार.
आता नवीन अडचण. मध्येच फोन येतात म्हणून गाणी लॅपटॉपवर घेतली. चार्जर लावला की घूंऽ असा आवाज, काढला की बंद.

माणदेशी
चार्जरची अर्थची (अर्थिंगची) पिन काढून टाका, लगेच थांबेल.

ध्वनियंत्री
कृपा करून असं सांगू नका. कार्यालयात भटजींपासून लहान मुलांपर्यंत सगळे माईक आणि स्टँडला हात लावतात. अर्थ तोडला आणि एखाद्या यंत्राची बॉडी लाईव्ह झाली तर जीव जाईल.

घूं येतं कारण लॅपटॉप आणि मिक्सर दोघांनाही अर्थ आहे आणि ऑडिओच्या वायरीने त्यांचं कडं पूर्ण झालं. आधी स्पीकर, मिक्सर, लॅपटॉप एकाच बोर्डवर घ्या. तरी राहिलं तर ऑडिओच्या वायरीत मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, तो थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे देतो. इथे सुतारपक्षींचा डीआय खरंच कामाचा आहे. तेही नको असेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बॅटरीवर चालवा.

सुतारपक्षी
तेच म्हणत होतो. आणि डेकोरेशनच्या लायटिंगची लाईन आणि साउंडची लाईन वेगळ्या फेजवर घ्या, डिमर (दिवे मंद करणारं बटण) असला की स्पीकर गुरगुरतो. वायरमनकडून न्यूट्रल घट्ट करून घ्या. तीन फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत जाऊ शकतं आणि सगळी यंत्रं एका क्षणात जातील.

माणदेशी
70 फुटांच्या हॉलला मागे अजून दोन स्पीकर लावाच, शेवटच्या रांगेत अक्षता धरून उभ्या असलेल्यांना काही कळत नाही.

ध्वनियंत्री
त्यांच्या मिक्सरला डिले, म्हणजे मागच्या स्पीकरचा आवाज थोडा उशिरा सोडायची सोय, नसेल तर नको. आवाजाला एका फुटाला साधारण 1 मिलिसेकंद लागतो. 60 फुटांवर स्पीकर लावला तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल, त्यात पत्रा. त्यापेक्षा पुढचे दोन्ही स्पीकर स्टँडवर चढवा, वरचा हॉर्न (बारीक आवाजाचा भोंगा) बसलेल्यांच्या डोक्याच्या वर, 7 फुटांवर, तोंड किंचित खाली मागच्या रांगेकडे. पत्र्यावर आवाज जितका कमी जाईल तितके शब्द स्पष्ट.

कृष्णाकाठ
मंगलाष्टकांना सहा-सात जण आहेत, आत्या, मामी वगैरे. काल घरी करून पाहिलं, माईक शिट्टी मारतो. गुरुजींना कॉलर माईक देऊ का?

पारिजात
सनई-चौघडा प्रत्यक्ष बोलवा, त्याची शान वेगळीच.

ध्वनियंत्री
कॉलर माईक नको. उपरण्याची घासाघीस येते आणि तो तोंडापासून लांब असल्याने गेन (माईकचा आवाज उचलण्याचं प्रमाण) वाढवावा लागतो, मग शिट्टी. होमाच्या वेळी बुटक्या स्टँडवर साधा हातातला माईक, गुरुजींच्या तोंडापासून वीतभर.

मंगलाष्टकांसाठी स्पीकर स्टेजच्या पुढे ठेवा, गाणारे त्यांच्या मागे. गाणाऱ्या सगळ्यांना एकाच बाजूला उभं करा, माईक एकीकडून दुसरीकडे फिरला की वाटेत स्पीकरसमोर येतो. ओठांपासून दोन-तीन बोटं. जाळी मुठीत धरायची नाही, त्यानेच शिट्टी लागते. आत्यांना हे आधी सांगून ठेवा. लो-कट (खालचा घुमारा कापणारं बटण) दाबा. तरी शिट्टी राहिली तर मिडचं बटण थोडं उतरवा. एक गात असताना दुसरा माईक म्यूट.

आणि "सावधान" नंतरच्या वाजंत्रीची फाईल वेगळी ठेवा, सुरुवातीची शांतता कापून, आवाज आधी ठरवून, पॉजवर. लॅपटॉपवर जो बसेल त्याला अंतरपाट दिसला पाहिजे, मध्ये फोटोग्राफर उभे राहतात.

कृष्णाकाठ
आमचा मिक्सर खांबाच्या मागे ठेवायचं ठरलं होतं. हलवतो. कॉर्डलेस माईकना सेल कोणते?

सुतारपक्षी
नवे अल्कलाईन एए, दोन्ही माईकना मुहूर्ताच्या अर्धा तास आधी. रिसीव्हर टेबलाखाली ठेवू नका, स्टेज दिसेल असा उंचावर ठेवा. सुरू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना उलट.